शिक्क्यांची साक्ष

गेली वीसेक वर्षे मी रद्दीच्या दुकानांतून आणि जुन्या बाजारांतून मराठी रहस्यकथांची पुस्तके जमवतो आहे. त्यांतली बरीचशी कुठल्या ना कुठल्या वाचनालयातून बाद झालेली आहेत. कोपरे मळलेले, शिवण सुटलेली, काहींची शेवटची पाने गेलेली. कथेतला गुन्हेगार कोण, याचे मला आता फारसे कुतूहल उरलेले नाही. मला पडलेले कोडे वेगळे आहे. वाचकांनी ज्या पुस्तकांसाठी वाचनालयाच्या खिडकीशी रांगा लावल्या, तीच आज वाचनालयात का सापडू नयेत?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. रत्नागिरीचे वाचनालय १८२८चे, अहमदनगरचे १८३८चे, नाशिकचे १८४०चे. पुण्यात १८४८मध्ये 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली, तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा वाटा होता. या आरंभीच्या संस्थांचा भर ज्ञानप्रसारावर होता. पुढे १८९३मध्ये वि. ल. भावे प्रभृतींनी ठाण्यात आणि १८९८मध्ये मुंबईकरांनी मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठीच संस्था काढल्या. तिथे ज्ञानप्रसाराला भाषेच्या अभिमानाची जोड मिळाली. करमणुकीचे वाचन चालत होते, पण उद्दिष्टांच्या यादीत त्याला मानाचे पान नव्हते.

सभासदाची आवड मात्र उद्दिष्टे पाहून ठरत नाही. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी रूप दिले आणि भुयारे, गुप्त दरवाजे, वेषांतरे यांची गोडी लावली. त्यानंतर बाबुराव अर्नाळकर आले. धनंजय-छोटू, झुंजार-विजया, काळापहाड ही नावे ज्यांच्या लहानपणात होती, त्यांना अधिक सांगणे नलगे. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनीही मोठा वाचकवर्ग मिळवला. एका बैठकीत संपणाऱ्या कथा कोणी किती विकत घेणार? त्या फिरल्या वाचनालयांतून. माफक वर्गणीत कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या, गृहिणीच्या घरी रोज नवे रहस्य येऊ शकत होते.

इथेच पुस्तकाच्या नाशाचे कारण दडलेले आहे. लाकडाच्या लगद्याचा हलका कागद कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यात हाताळणी. वाचनालये दोन-चार पुस्तिका एकत्र बांधून घेत. त्या बांधणीत कडा कातरल्या जात, रंगीत मुखपृष्ठे काढून टाकली जात. तीही बांधणी सुटली की पुस्तक निर्लेखनाच्या यादीत जाई. शेजारच्या कपाटातला, क्वचितच कोणी उघडलेला जाडजूड ग्रंथ मात्र सुस्थितीत राही. म्हणजे जुन्या वाचनालयात आज जे टिकून आहे, त्यावरून 'पूर्वी लोक काय वाचत' हे ठरवू गेलो, तर उत्तर नेमके उलटे येण्याचा धोका आहे.

शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे ऋण माझ्यासारखा बिनपदवीचा अभ्यासक कधीच फेडू शकणार नाही. १८०० ते १९५० या काळात मराठीत काय छापले गेले, हे त्या दोन खंडांतून कळते. पण काय वाचले गेले, हे सूचीत असू शकत नाही. ते देवघेवीच्या चिठ्ठीवर असते. माझ्याकडच्या एका प्रतीत तारखांच्या शिक्क्यांना जागा पुरेना, म्हणून चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवली आहे. दुसऱ्या एका प्रतीत कोणा खोडसाळ वाचकाने दहाव्याच पानावर खुन्याचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. खाली वेगळ्या अक्षरात त्याला दिलेली शिवी आहे. वाचकांच्या अभिरुचीवर परिसंवाद पुष्कळ झाले. हा त्यांचा स्वतःचा आवाज आहे.

१९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने वाचनालयांना मान्यता आणि अनुदानाची चौकट दिली. अनेक लहान गावांतली वाचनालये त्या आधारावर उभी आहेत. जागा अपुरी, सेवकांचे वेतन तुटपुंजे, अशा स्थितीत फाटकी पुस्तके काढून टाकणाऱ्या ग्रंथपालाला दोष देणे अन्यायाचे होईल. माझे म्हणणे इतकेच, की निर्लेखनापूर्वी अशा पुस्तकाची एक प्रत चिठ्ठी, शिक्के आणि डागांसकट वेगळी ठेवावी. तिची नव्याने बांधणी करू नये, ती देवघेवीतही देऊ नये. जुन्या दाखलनोंद वह्या तर कधीच रद्दीत घालू नयेत. संगणकावर देवघेव सुरू झाल्यापासून पुस्तकावर तारीख उमटणे थांबत चालले आहे. म्हणून हे जुने कागद अधिकच मोलाचे.

ही पुस्तके मी जिवापाड जपतो. कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतो. पण खाजगी कपाटाचे आयुष्य मालकाच्या आयुष्याएवढेच असते. माझ्यामागे घरच्यांना ती अडगळ वाटली, तर त्यांचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वी एका वाचनालयाला मी हा संग्रह देऊ केला, तेव्हा 'चांगल्या स्थितीतली असतील तर आणा' असे उत्तर मिळाले. ज्या स्थितीमुळे ती मोलाची आहेत, त्याच स्थितीमुळे ती परतली. यादी मी करून ठेवली आहे. कोणत्या प्रतीवर कुठल्या वाचनालयाचा शिक्का आहे, तेही तिच्यात लिहिले आहे. एखादी सार्वजनिक संस्था ही पुस्तके आहेत तशी स्वीकारणार असेल, तर स्वतः पोचवायची माझी तयारी आहे.