वेगळी शाळा हा पहिला पर्याय नव्हे

‘दिव्यांग लेकराचं भलं विशेष शाळेतच, आपल्या शाळेत ते नुसतं बसून राहते.’ यवतमाळ जिल्ह्यात हे मत शिक्षकही मांडतात आणि आईबापही. ते आपुलकीतून येते, म्हणून हा पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. झरी जामणी किंवा मारेगावकडच्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलाम वस्तीवर, त्या दोघांनी सगळे वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, ऑनलाइन माहिती भरायची. त्यात न बोलणाऱ्या किंवा अक्षरांशी झगडणाऱ्या मुलासाठी वेळ कुठून काढायचा? विशेष शाळेत निदान प्रशिक्षित शिक्षक तरी असतो.

हे वर्णन खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. मूल नुसते बसून राहते यावरून शाळेला मदत पोचलेली नाही एवढेच सिद्ध होते. मुलाची जागा दुसरीकडे आहे, हे त्यातून निघत नाही.

समावेशित शिक्षण ही 1994 च्या सालामांका परिषदेतून आलेली परदेशी कल्पना आहे, असेही म्हटले जाते. पण कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालातच शक्य तितक्या दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याचा आग्रह धरला होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना 1974 ची, म्हणजे सालामांकाच्या वीस वर्षे आधीची. उशीर झाला तो अंमलबजावणीत.

आता या जिल्ह्याचा खास प्रश्न. कोलामांच्या पोडावर घरात कोलामी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, आणि शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी. अशा मुलाचे मराठी वाचन मागे पडले, तर ते अध्ययन अक्षमतेमुळे की शाळेची भाषा अजून आपली न झाल्यामुळे, हे एका वाचन चाचणीवरून कळत नाही. दोन्ही बाजूंनी अन्याय होऊ शकतो: अक्षमता नसलेल्या मुलावर शिक्का बसतो, किंवा खरी अक्षमता ‘याला मराठीच येत नाही’ म्हणून झाकली जाते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते, म्हणजे पहिली-दुसरीची महत्त्वाची वर्षे त्याआधीच निघून जातात. घरची भाषा जाणणारे माणूस सोबत घेऊन मुलाकडे महिनोन्महिने पाहिले, तरच फरक उलगडतो. आणि तसे पाहणे गावच्याच शाळेत शक्य आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा बोलणारी सोबत लागते, आणि एकट्या मुलाला ती पोडावर मिळणे कठीण. तिथे विशेष शाळा योग्यच ठरू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 31 लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क देते. पण जवळच्या शाळेत काहीच सोय नसेल, तर लेकराला दूरच्या वसतिगृहात धाडणाऱ्या बापाने पसंती केली असे मी मानत नाही. त्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

‘एका मुलासाठी शिक्षक कुठून आणायचा?’ याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये दिले आहे. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवताना, पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत शाळांच्या समूहात फिरते शिक्षक वापरण्याची वाटही त्याने दाखवली. यवतमाळच्या विखुरलेल्या वस्त्यांना हीच रीत जुळते: गट साधन केंद्रातून निघालेला विशेष शिक्षक ठरलेल्या वारी शाळेत येतो, वर्गशिक्षकासोबत त्या मुलाचा आठवड्याचा पाठ आखतो. मात्र त्याच्याकडे मोजक्याच शाळा हव्यात. अर्धा तालुका एकाच्या गळ्यात घातला, तर हजेरीपटावर सही होते, शिकवणे होत नाही.

पैशाची सबब पूर्णपणे टिकत नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेत दर दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता त्यातूनच देता येतो. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. शाळा विकास आराखडा करण्याचे काम कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीचे आहे, आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. फिरत्या शिक्षकाचा वार, रॅम्प, मदतनीस या मागण्या त्यांनी यंदाच्या आराखड्यात लेखी घालाव्यात आणि त्याची पोच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्यावी.