खोक्यांतून आलेले इंजिन : मुंबई बंदर आणि मोटारधंद्याची जडणघडण

मुंबईच्या मोटारधंद्याचा इतिहास बहुधा कारखानदारांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु त्या धंद्याची सुरुवात बोटीतून उतरलेल्या लाकडी खोक्यांपासून झाली, आणि मोटारीचा कोणता भाग खोक्यातून आणावा व कोणता येथेच घडवावा, या प्रश्नाभोवतीच त्याची पहिली काही दशके फिरत राहिली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. तेथे मोटार तयार होत नसे. समुद्रापलीकडून सुटी होऊन आलेली शेव्हरोले गाडी तेथे उभी केली जाई. पुढे फोर्डनेही मुंबईत हीच पद्धत अवलंबिली.

पूर्णपणे सुट्या केलेल्या भागांचा असा संच धंद्याच्या भाषेत ‘सीकेडी’ म्हणून ओळखला जातो. ही पद्धत रूढ होण्यामागे मुख्य कारण वाहतूकखर्चाचे होते. सागरी वाहतुकीत भाडे वजनावर किंवा घनफळावर, जे अधिक भरेल त्यावर, आकारले जाई आणि चाळीस घनफूट जागा म्हणजे एक टन असे सर्वसाधारण माप धरले जाई. त्यामुळे आतून पोकळ असलेली उभी मोटार वजनाने हलकी असूनही भाड्याने फार महाग पडे. हेन्री फोर्ड यांच्या १९२६ सालच्या ‘टुडे अँड टुमॉरो’ या ग्रंथात नमूद केल्याप्रमाणे रेल्वेच्या ज्या वाघिणीत पूर्वी उघड्या मोटारींचे सात सांगाडे मावत, त्याच आकाराच्या वाघिणीत ते सुटे करून १३० बसविता येऊ लागले. इंजिनाच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नव्हता. ओतीव लोखंडाचा सिलिंडर ब्लॉक सुटा केल्याने जागा फारशी वाचत नाही आणि वजन तर तितकेच राहते. शिवाय कारखान्यात तंतोतंत बसविलेले भाग हजारो मैलांवर पुन्हा त्याच अचूकतेने जुळविणे हे मोठ्या कौशल्याचे काम होते. म्हणून सांगाडा सुटा, पण इंजिन मात्र जोडलेले, अशीच व्यवस्था सुरुवातीच्या काळात सोयीची ठरे.

अशा इंजिनाची बांधणी ही स्वतंत्र विद्याच होती. प्रथम त्यातील तेल व पाणी काढून टाकीत, सिलिंडरच्या आतील भिंतींवर गंजरोधक तेल सोडीत आणि तेल, हवा व पाणी यांची सर्व तोंडे बुचांनी बंद करीत. कारण खाऱ्या हवेचा शिरकाव एकदा झाला की घासून आरशासारख्या केलेल्या पृष्ठभागावर काही आठवड्यांतच गंज चढतो. त्यानंतर इंजिन त्याच्या नेहमीच्या आधारबिंदूंवर, म्हणजे गाडीच्या चौकटीत ज्या ठिकाणी ते टेकते त्याच ठिकाणी, जाड लाकडी तळबैठकीवर बोल्टने आवळले जाई. तेलकुंडी पातळ पत्र्याची असल्याने तिच्यावर भार येऊ देणे म्हणजे नुकसानीला निमंत्रण होते. बाजूंना ठोकळे व पाचरी मारून आडवी हालचाल थांबवीत आणि खोक्याला आतून डांबरी कागदाचे अस्तर लावीत. सैल झालेले इंजिन स्वतःपेक्षा शेजारच्या मालाचे अधिक नुकसान करते, हे जहाजावर माल रचणाऱ्यांना चांगलेच ठाऊक होते. म्हणून अशी जड खोकी तळाशी आणि पत्र्याचे हलके भाग वर, हा क्रम कटाक्षाने पाळावा लागे.

तरीही सर्व नुकसान धक्क्याने किंवा गंजानेच होत नव्हते. १९३०च्या दशकात रेल्वेने आणि जहाजाने गेलेल्या नव्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे एक मैलही न धावता खराब झालेली आढळू लागली. अमेरिकन अभियंता जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ मध्ये या प्रकाराची मीमांसा केली. उभ्या गाडीचे चाक फिरत नाही, पण रुळांच्या सांध्यांवरून जाताना ते सतत किंचित मागेपुढे हलते. त्यामुळे बेअरिंगमधील गोळी आणि कडे यांच्यामधले वंगण बाजूला सरते, कोरडी झीज सुरू होते आणि ठरावीक अंतरावर खळगे पडतात. जोराच्या दाबाने पडणाऱ्या, स्वीडिश अभियंता ब्रिनेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुणांसारखे ते दिसत असल्याने या विकाराला ‘आभासी ब्रिनेलिंग’ असे नाव मिळाले. घट्ट बांधलेला भागही प्रवासात झिजू शकतो, ही जाणीव या शोधाने दिली.

मुंबई बंदरात ही खोकी यारीने धक्क्यावर उतरत आणि तेथून पुढचा भार माणसांवर येई. धक्क्यावरील मजूर पुरविणारे कंत्राटदार टोळीवाले म्हणून ओळखले जात. मजुरांना रोजचे काम मिळणे न मिळणे त्यांच्याच हाती असे. खोक्यावर इंग्रजीत छापलेल्या सूचना यांतील बहुसंख्य मजुरांना वाचता येत नव्हत्या. गुरुत्वमध्य कोणत्या बाजूला आहे आणि साखळी कोठे घालावी, हे ते अनुभवाने ओळखत. मोटारधंद्याच्या इतिहासात या कौशल्याची नोंद क्वचितच घेतली गेली, ही खेदाची बाब आहे. त्यांच्या रोजगाराला कायद्याचा आधार १९४८च्या गोदी कामगार अधिनियमाने मिळाला, आणि गोदीबाहेर, बाजारपेठांत व वखारींत ओझी वाहणाऱ्या माथाडींना त्यासाठी १९६९पर्यंत वाट पाहावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाने बांधणीच्या तंत्राला मोठी गती दिली. जीपगाड्या खोक्यांत भरून जगभर पाठविल्या गेल्या, मेणासारखी गंजरोधक लेपने सर्रास वापरात आली, आणि ज्या कागदातून बाहेर पडणारी वाफ धातूवर संरक्षक थर धरते असा कागद त्याच दशकात विकसित झाला. युद्धानंतर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी सुरू केली, तर महिंद्र कंपनीने विलीज जीपची. वालचंदांचे ध्येय मात्र जुळणीपुरते मर्यादित नव्हते, आणि शासनाचा कलही त्याच दिशेने झुकला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या, निव्वळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना मुभा नाकारण्याचे धोरण ठरले; पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचे काम थांबविले. येथे राहिलेल्या कारखान्यांत आयात खोक्यातील एकेक भाग कमी होत गेला. टायर, बॅटरी, काच, गादी यांसारख्या गोष्टी तुलनेने सहज साधल्या. ब्लॉकचे ओतकाम आणि क्रँकशाफ्टची घडाई यांना मात्र भांडवल, धातुशास्त्र आणि कुशल कामगार या तिन्हींची गरज होती.

ही घडाई पुण्यात रुजली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट पुढे परदेशी इंजिन-कारखान्यांना जाऊ लागले, आणि पूर्वी मुंबईत उतरणारा मालाचा प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर ही निर्यात कंटेनरमधून होऊ लागली. कंटेनरने हाताळणी कमी केली. पण बंद पेटीत रात्रीच्या गारव्याने छताला दव धरते व ते मालावर ठिबकते, त्यामुळे गंजरोधक कागद व ओलावा शोषणाऱ्या पुड्या यांची गरज उलट वाढली. लाकडावरही नियम आले : किडीचा प्रसार रोखण्यासाठी २००२ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावा लागतो किंवा त्यावर मान्य धुरी द्यावी लागते, आणि तशी मुद्रा नसलेली तळबैठक परदेशी बंदरात अडविली जाऊ शकते. मग आतला क्रँकशाफ्ट कितीही निर्दोष असला तरी तो पुढे सरकत नाही.