खडी गंमत आणि सरावाचा कान

भंडारा जिल्ह्यात आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे पाहुण्यारावळ्यांनी गजबजणारी जत्रा भरते, आणि तिचे एक जुने आकर्षण म्हणजे खडी गंमत, अर्थात शाहीर, स्त्रीवेषातील पुरुष नाच्या आणि सोंगाड्या यांनी उभ्याउभ्याच रंगविलेले लोकनाट्य. बैठकीच्या गाण्याला सरावलेल्या नागर श्रोत्याला त्यातील संगीत प्रथम कर्कश वाटते, कारण शाहीर चढ्या पट्टीत ओळ टाकतो, मागचे साथीदार तीच ओळ झेलून पुन्हापुन्हा घोळवतात, आणि ढोलकी व झांजांच्या गजरात शब्द पुरते कळतही नाहीत. मात्र या पुनरावृत्तीतच लय हळूहळू चढत जाते, आणि ती कानात बसली की आधी खटकलेला चढा सूरच हवासा वाटू लागतो. याला वेळ लागतो; जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्यात ही गोडी लागणे कठीणच!

शिष्टांच्या नापसंतीत अर्थात केवळ सुरांचा दोष नव्हता. द्व्यर्थी संवाद, नाच्याचे सोंग आणि या भागात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीविषयीची तुच्छताही त्यात मिसळलेली होती. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ही बोली आणि इथल्या लोककला अभ्यासविषय केल्यावर ती नजर काहीशी बदलली. मंडईतल्या प्रेक्षकांना मात्र त्या शिफारशीची गरज कधीच नव्हती.