डाव्या पुडीचा हरवलेला आवाज

श्रोतेहो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचें नांव आपणांस परिचित आहे. त्या काळचे शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीनें फड गाजवीत. त्यांचे शब्द कागदानें जपले. डफावरची थाप मात्र हवेंत विरली. यांत दोष कोणाचाच नव्हे. ध्वनि धरून ठेवणारें साधनच तेव्हां नव्हतें.

पुढें साधन आलें. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गाइसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मेणाच्या तबकडीवर उतरविलें. त्या कामीं विजेचा संबंध नव्हता. गाणारानें कर्ण्यासमोर गावें, त्या आवाजानें पातळ पडदा हालावा आणि पडद्यास जोडलेल्या सुईनें मेणावर रेघ कोरावी, एवढीच ती युक्ति. परंतु खर्जाचे स्वर त्या कर्ण्याच्या आटोक्याबाहेर राहत. शिवाय जवळून जोराची थाप पडली, तर रेघ बिघडण्याचें भय असे. अमेरिकेंत याच कारणास्तव मोठा ढोल बाजूस सारून लाकडी ठोकळ्यांवर ताल देत. तात्पर्य, तबकडींत गळा राहिला, पण डग्ग्याचा घुमारा गेला. त्या तबकड्या ऐकून 'पूर्वीं तबला असाच बारीक वाजे' असें म्हणणें म्हणजे धुळकट आरशावरून चेहऱ्याची कांति ठरविणें होय.

१९२५ पासून विजेचे ध्वनिग्राहक वापरांत आले आणि ही उणीव पुष्कळ भरून निघाली. चर्मवाद्यांचें मोल शास्त्रासही तोपर्यंत उमगलें होतें. शाईच्या योगानें मृदंग-तबल्याच्या पुडींतून स्वराशीं जुळणारे उपस्वर निघतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं दाखवून दिलें होतें.

आतां तीं साधनें घरोघरीं आलीं आहेत. मागें माझ्या भाच्यानें घरच्या खोलींत एका वृद्ध ढोलकीवाल्यांचें वादन मुद्रित केलें. प्रथम एकच ध्वनिग्राहक उजव्या पुडीसमोर ठेवला. शाईचा टणत्कार उत्तम आला. डाव्या पुडीची घुम मात्र हरवली, आणि उघड्या भिंतींचा प्रतिध्वनि तेवढा उरला. मग भिंतींवर गोधड्या टांगल्या, दोन्ही पुड्यांपाशीं वीतभर अंतरावर एकेक ग्राहक लावला. ध्वनीस एक फूट जाण्यास सुमारें सेकंदाचा सहस्रांश लागतो. एकच ठोका दोहोंकडे मागेंपुढें पोंचला, तर लहरी एकमेकींस खातात. तींही अंतरें जुळविलीं. एवढें होऊनही मिश्रण करतांना भाच्यानें गाण्याखालीं ढोलकी इतकी दडपली, कीं ऐकून म्हातारबाबा म्हणाले, "गुरुजी, हात माझाच आहे, पण ढोलकी माझी नव्हे."

श्रोतेहो, हें वाक्य माझ्या मनांत रुतून बसलें आहे. १९०२ सालीं यंत्र असमर्थ होतें, म्हणून डग्गा गेला. आज यंत्र समर्थ आहे. आतां जें हरवेल तें केवळ आपल्या हलगर्जीनें. भाच्यानें पुन्हां मिश्रण केलें, आणि मूळ मुद्रण तसेंच, कांहींएक न बदलतां, निराळें जपून ठेवलें. आपल्या गांवीं असा एखादा जुना हात अजून वाजता असेल, तर त्याला सन्मानानें घरीं बोलवा, दोन्ही पुड्यांचें मुद्रण करा, आणि तें प्रथम त्यासच ऐकवा. तो "होय, हीच माझी ढोलकी" म्हणेल, तेव्हांच काम पुरें झालें असें समजावें.