लाखेचा लेप, लोखंडाची काया

नवी गाडी दारात आली की कुणी नारळ फोडतो, कुणी फातिहा देतो; चाकाखाली लिंबू मात्र बहुतेक सगळेच ठेवतात. आठ-पंधरा दिवसांत त्या चकचकीत दारावर पहिला ओरखडा उठतो आणि मालकाच्या काळजात चर्र होतं. इंजिन बिघडलं तर आपण मेकॅनिकला बोलावतो. रंगाला ओरखडा गेला तर आधी सगळ्या गल्लीकडे संशयानं पाहतो. हा रंग एवढा नाजूक का असतो आणि तो जपायचा कसा, हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागेल.

मोटार आली ती घोडागाडीचा वारसा घेऊन. पहिल्या मोटारींना बग्गीचाच रंग देत. जवसाचं तेल आणि झाडांचा डिंक यांचं व्हार्निश ब्रशनं लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. असे थरावर थर चढत आणि एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडेच्या आठवडे लागत. हेन्री फोर्डच्या कारखान्यात गाड्या भराभर जुळू लागल्या, तेव्हा हा संथ कारभार परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत असे. डांबरवर्गीय पदार्थांपासून केलेला, भट्टीत भाजून पक्का होणारा तो काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊही.

मग पहिलं महायुद्ध संपलं. बंदुकीची दारू करताना कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करीत. त्याच रसायनापासून अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीनं भराभर वाळणारा रंग तयार केला. जनरल मोटर्सनं तो आपल्या ओकलंड गाडीला दिला, आणि १९२४च्या मॉडेलची ती निळी गाडी लोकांनी डोळे भरून पाहिली. आठवड्यांचं काम तासांवर आलं. या रंगाचं नाव ड्युको. आपल्याकडे आजही सुतार कपाटाला 'ड्युको मारू का?' असं विचारतो, ते हेच नाव. कंपनीचं नाव विसरलं गेलं, पण शब्द उरला.

या जातीच्या रंगाला इंग्रजीत लॅकर म्हणतात आणि त्या शब्दाचं मूळ थेट आपल्या लाखेपर्यंत पोचतं. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारा एक इवलासा किडा आपल्या अंगाभोवती राळेचं कवच करतो, ती लाख. झारखंड-छत्तीसगडपासून आपल्या गोंदिया-गडचिरोलीपर्यंत ती गोळा होते. बायकांच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या आणि सुताराचं फ्रेंच पॉलिश, दोन्ही तिचीच लेकरं. ड्युकोची ती गाडी ज्या १९२४ सालचं मॉडेल म्हणून आली, त्याच साली रांचीजवळ नामकुम इथं लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. एकीकडे लाखेचा अभ्यास सुरू होत होता आणि दुसरीकडे तिचं नाव घेऊन कारखान्यातलं रसायन पुढे निघून गेलं होतं. महाभारतातलं लाक्षागृह भडकन पेटलं. ही नवी 'लाख' तर बंदुकीच्या दारूचीच बहीण, तीही तशीच ज्वालाग्राही.

या सेल्युलोज रंगाची चमक आपोआप येत नसे. ती घासून काढावी लागे आणि मेणानं राखावी लागे. ब्राझीलमध्ये कार्नोबा नावाचा ताड आहे. उन्हात आपल्या पानांतलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर कठीण मेणाचा लेप चढवतो. तेच मेण गाडीवर आलं. झाडानं स्वतःला वाचवण्यासाठी शोधलेली युक्ती माणसानं लोखंडासाठी उसनी घेतली.

माझे वडील मुंबईत एका गॅरेजात रंगारी होते. फियाट आणि अँबेसिडर गाड्या त्यांच्या हाताखालून जात. आधी पत्रा ठोकून सरळ करायचा, मग लांबी भरायची, वॉटर पेपरनं घासायचं, प्रायमर द्यायचा, मग थिनर घालून स्प्रे गन हाती घ्यायची. तोंडाला बांधलेला असे तो साधा रुमाल. अब्बा घरी आले की रुमालावरून कळायचं, आज कुणाची गाडी लाल होती आणि कुणाची निळी. ते म्हणायचे, "कोरड्या गाडीला कोरडा फडका लावणं म्हणजे गालावर पॉलिश पेपर फिरवणं." शेवटी त्यांना जिना चढताना तीनदा थांबावं लागे. त्यांच्या छातीत कुठल्या गाडीचा रंग किती साठला, याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

त्यांच्यानंतर रंगाचं शास्त्र बदललं. १९६०च्या दशकापासून अख्खा सांगाडा विजेच्या प्रवाहानं भारलेल्या प्रायमरच्या हौदात बुडवू लागले, त्यामुळे सांधेकोपऱ्यांतही थर बसू लागला आणि गंज लांबला. १९८०च्या दशकात रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रुळली. आज आपण गाडीवर हात फिरवतो तो या काचेसारख्या थरावर. त्याची जाडी असते साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. जपायचं असतं ते एवढंच.

त्याचे शत्रूही रोजचेच. सकाळी कोरड्या फडक्यानं झटकलेली धूळ हा त्यांतला पहिला. धुळीतले वाळूचे कण या थराहून कठीण असतात. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं ही त्यांचीच करामत. आधी भरपूर पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्यावी, मग वरून खाली मऊ कापड फिरवावं, तेही दोन बादल्या ठेवून : एक साबणाची, दुसरी फडका खळबळायची. कावळ्या-कबुतरांची शिट उन्हात तापली की रंगात रुतते. ती त्याच दिवशी ओल्या कापडानं भिजवून अलगद उचलावी. आंब्याखाली गाडी लावली की किडींचा चिकट मध वरून गळतो. बोअरचं पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर तर वाऱ्यानं रात्रभर गाडी घासत बसतं. आणि रबिंग वरचेवर करू नये. दर वेळी तो केसाएवढा थर थोडा झिजतो. दोन-तीन महिन्यांनी मेणाचा हात पुरे.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर निघाल्या. त्यांचे चालक सकाळी बादलीभर पाण्यात गाडी अशी पुसत की म्हाताऱ्या पत्र्यालाही तेज येई. परवडत नसतानाही वस्तू जपणं ही त्यांची रीत होती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आजच्या गॅरेजातल्या क्लिअर कोटमध्ये हार्डनर मिसळतात. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनानं रंगाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला पक्कं ठाऊक आहे. रुमालानं तो अडत नाही. त्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि गल्लीबोळातल्या गॅरेजात तो क्वचितच दिसतो. म्हणून पुढच्या वेळी ओरखडा बुजवायला जाल तेव्हा रंगाची छटा जुळते का, हे जरूर पाहा. त्याबरोबर स्प्रे गन धरणाऱ्या पोराच्या तोंडावर काय बांधलं आहे, तेही पाहा आणि मालकाला विचारा. गाडीवरचा केसाएवढा थर जपण्यासाठी आपण इतकं करतो. त्या पोराच्या छातीच्या आतही तसंच एक नाजूक अस्तर असतं, आणि त्यावर दुसरा हात मारता येत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)