बंद खोलीतील मैफल

गाणे आधी आणि त्याचे मुद्रण नंतर, असा आपला सर्वसाधारण समज असतो. गवई गातो, यंत्र टिपून घेते. यंत्राने पदरचे काही घालू नये, एवढीच अपेक्षा. लंडनमध्ये ॲबे रोडवरील ई. एम. आय.च्या स्टुडिओतही पुष्कळ वर्षे हाच धर्म पाळला जात होता. लिव्हरपूलच्या 'बीटल्स' मंडळींनी ११ फेब्रुवारी १९६३ रोजी तेथे एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली, तीही बहुतांशी जलशात म्हणत तशीच.

पुढे त्याच वास्तूत एकेका गाण्याला आठवडे लागू लागले. कोणी ह्याला श्रीमंती चोचले म्हणतील. आम्हांला तसे वाटत नाही. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजार माणसे जमली, आणि त्यांच्या किंकाळ्यांत गाणाऱ्यांना आपलाच सूर ऐकू येईना. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे तिकिटाचा शेवटचा जलसा करून त्यांनी व्यासपीठाला रामराम ठोकला.

नव्या वाटेला मात्र ते आधीच लागले होते. ६ एप्रिल १९६६ला 'टुमॉरो नेव्हर नोज' हे गाणे हाती घेतले गेले. चाल जवळजवळ एकाच स्वराला धरून बसलेली, मागे तंबोरा. जॉन लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा हवा होता. आता डोंगर आणावा कोठून? जेफ एमेरिक हा अवघा वीस वर्षांचा ध्वनिमुद्रक. त्याने हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या ध्वनिक्षेपकातून तो आवाज काढला. गाण्याच्या उत्तरार्धात तो ऐकू येतो. पॉल मॅकार्टनीने घरी फितींची वेटोळी करून आणली होती. ती इमारतभरच्या यंत्रांवर चढवली. फीत ताणलेली राहावी म्हणून नोकरमाणसे पेन्सिली अडकवून उभी राहिली, आणि इकडे खटके वरखाली करून ते ध्वनी गाण्यात सोडले गेले. त्या घटकेला जे जमले ते पुन्हा तसेच जमणे नाही. श्रोतेहो, मैफलीचा म्हणून जो खास गुण आपण सांगतो, तो हाच नव्हे काय?

त्याच वर्षाअखेरचे 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' तर दोन वेगळ्या मुद्रणांचे कलम आहे. दोहोंची पट्टी निराळी, लयही निराळी. लेननला एकाचा आरंभ आवडला, दुसऱ्याचा शेवट. जॉर्ज मार्टिन आणि एमेरिक ह्यांनी फितींची गती कमीजास्त करून, सुमारे एका मिनिटापाशी, दोन्ही जोडून दिली. सांधा सांगितल्यावाचून कळत नाही.

१० फेब्रुवारी १९६७ला चाळीस वादक बोलावले गेले. चोवीस मात्राखंडांत प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या अगदी खालच्या स्वरापासून टिपेपर्यंत चढावे, शेजाऱ्याकडे लक्ष न देता! एकत्र वाजविण्यात हयात घातलेल्यांना हे सांगणे म्हणजे थट्टाच. 'अ डे इन द लाइफ'मधला तो चढ असा निघाला.

ह्या साऱ्याचे श्रेय एल. एस. डी.ला देण्याची रीत आहे. कल्पनांत तिचा वाटा असेलही. पण पेन्सिली धरणारे पूर्ण शुद्धीवर होते.

१५ मार्च १९६७ रोजी जॉर्ज हॅरिसनच्या गाण्यासाठी लंडनमधील हिंदी वादक आले. 'सार्जंट पेपर'च्या वेष्टनावर प्रसिद्ध चेहऱ्यांची गर्दी आहे. त्या वादकांची नावे मात्र नव्हती. दिलरुबा अण्णा जोशी आणि अमृत गज्जर ह्यांचा, तंबोरा बुद्धदेव कंसारा ह्यांचा, तबला नटवर सोनी ह्यांचा.