मोहल्ल्यातला योगाचा क्लास आणि साडेचारशे वर्षांपूर्वीचा एक फारसी ग्रंथ

आमच्या मशिदीत शेवटच्या सफेत खुर्च्या वाढत चालल्या आहेत. पन्नाशी ओलांडली की गुडघे बोलायला लागतात, सजदा जड जातो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि वर सांगतात, ‘जवळपास एखादा योगाचा क्लास लावा.’ माणूस घरी येतो तो दोन प्रश्न घेऊन. कुठला क्लास लावायचा, हा पहिला. आपण जावं की नाही, हा दुसरा. पहिला प्रश्न तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो, दुसरा बहुधा मनातच ठेवतो. मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देणार नाही. इतिहास वाचत आलो आहे, तेवढ्या भांडवलावर लिहितो. मला वाटतं, दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास माहीत असला तर पहिला प्रश्न सोडवायला सोपा जातो.

मुसलमान विद्वानांची योगाशी ओळख हजार वर्षांची आहे. अल-बिरुनी गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि अकराव्या शतकात त्याने पतंजलीचा योगविचार अरबीत नेला. पण तो अभ्यासकाचा अनुवाद होता. बिरुनीला समजून घ्यायचं होतं, आसनं करायची नव्हती. प्रत्यक्ष साधनेकडे वळले ते सुफी.

‘अमृतकुंड’ नावाचा हठयोगाचा एक संस्कृत ग्रंथ होता. मूळ संस्कृत आज मिळत नाही, त्याची अरबी आणि फारसी रूपं उरली आहेत. अरबी ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक कथा येते. कामरूपाचा एक योगी बंगालमधल्या लखनौतीला आला, तिथल्या काझीशी त्याने वाद घातला आणि त्या चर्चेतून हा ग्रंथ अरबीत उतरला. कथा किती खरी, हा भाग वेगळा. ग्रंथ मात्र खरा आहे आणि तो फार दूरवर गेला. अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी त्याच्या हस्तलिखितांचा माग काढला आहे. अरबीतून तो फारसीत, तुर्कीत आणि पुढे उर्दूतही गेला.

आपल्या कामाचं फारसी रूप आहे शेख मुहम्मद गौस ग्वाल्हेरी यांचं. शत्तारी सिलसिल्याचे हे मोठे सुफी. हुमायूनशी त्यांच्या घराण्याची जवळीक होती. शेरशाहाने हुमायूनला हुसकावल्यावर गौस यांनाही ग्वाल्हेर सोडून गुजरातेत यावं लागलं. तिथे भडोचला असताना मुरिदांनी त्यांना गळ घातली की, अमृतकुंडाचा जुना अनुवाद नीट कळत नाही, तुम्ही समजावून सांगा. त्यातून १५५० च्या सुमारास ‘बहर-उल-हयात’ म्हणजे जीवनसागर हा फारसी ग्रंथ तयार झाला. त्याच्या चौथ्या प्रकरणात आसनं आहेत. कसं बसायचं, श्वास कुठे रोखायचा, नजर कुठे ठेवायची, सगळं तपशिलाने. पुढे शहजादा सलीम, म्हणजे नंतरचा जहांगीर, अलाहाबादला असताना १६०० ते १६०४ च्या दरम्यान या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. ती आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. आसनांची एकामागून एक चित्रं देणारा, आजवर माहीत असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो. सोशल मीडियावर ‘योग आमचा की तुमचा’ म्हणून भांडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना ही चित्रं एकदा दाखवावीत असं मला फार वाटतं.

गौस यांनी योग जसाच्या तसा घेतला नाही. योग्यांच्या बीजमंत्रांच्या जागी त्यांनी अल्लाहच्या नावांचा जिक्र ठेवला. श्वास तोच, बैठक तीच, ओठांवरचे शब्द आपले. काय घ्यायचं आणि काय नाही हे त्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवलं. गुजरातेतल्या काही उलेमांनी त्यांच्याविरुद्ध फतवा काढला, मृत्युदंडापर्यंत मागणी गेली. पण भांडण योगासनांवरून नव्हतं. आपल्याला आध्यात्मिक मेराज घडली, असा जो दावा गौस यांनी केला होता, त्यावरून ते पेटलं होतं. अहमदाबादचे थोर आलिम वजीहुद्दीन अलवी त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे त्यांचे मुरीद झाले. गौस यांची ग्वाल्हेरची मजार अनेकांनी पाहिली असेल. तानसेनची कबर तिच्या शेजारीच आहे.

आपल्याकडेही हे घडत होतंच. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहिणारे सुफी संत. त्यांच्या मुख्य ग्रंथाचं नावच ‘योगसंग्राम’. त्यात आसनांचा वर्ग नाही, माणसाच्या आतली लढाई आहे. पण सतराव्या शतकातल्या एका मुसलमान मराठी संताला आपल्या ग्रंथाला हे नाव द्यावंसं वाटलं आणि शिवरायांचे आजोबा मालोजी भोसले यांची त्यांच्यावर श्रद्धा होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्या गल्लीत या. पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पंधरा चटया, समोर शिक्षक, तासभराची बॅच, महिन्याची फी. हा जो ‘क्लास’ आहे तो पतंजलीच्या काळचाही नाही आणि गौसांच्या काळचाही नाही. तेव्हा साधना गुरूकडून एकट्याने शिकायची होती. क्लासचं वय शंभर वर्षांच्या आसपास आहे आणि त्याच्या जन्मात आपल्या मुलखाचा वाटा मोठा. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, क्ष-किरण लावून योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते तपासलं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि इथलेच झाले. १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची यांचा आधार देऊन ताठरलेल्या शरीरालाही आसन साधेल, ही त्यांची मोठी देणगी.

कुवलयानंदांचं तरुणपण मात्र आखाड्यात गेलं होतं. बडोद्याला ते प्रोफेसर माणिकरावांकडे शिकले. माणिकरावांनी आपलं व्यायाम मंदिर ज्या गुरूंच्या नावाने चालवलं त्यांचं नाव जुम्मादादा. आणखी वेगळं काय सांगू? आपण ज्याला तालीम म्हणतो तो शब्द अरबी, वस्ताद म्हणजे उस्ताद, पहिलवान आणि जोर फारसी. कोल्हापूर-सांगलीच्या मातीत हे शब्द इतके मुरले आहेत की त्यांचा धर्म कुणी विचारत नाही.

सूर्यनमस्काराचं प्रकरण जरा निराळं. हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, त्यांत सूर्यनमस्कार नाही. तो घराघरांत आणि शाळांत नेला तो औंधच्या पंतप्रतिनिधींनी, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, व्यायाम म्हणून पण मंत्रांसकट. आपल्या लोकांचा खरा अडसर इथेच येतो आणि तो खोटा नाही. अल्लाहशिवाय कुणापुढे झुकायचं नाही, ही अकिद्याची गोष्ट आहे. त्यावर ‘अहो, नमाज म्हणजे पण योगच की’ असं कुणी समजूत घालायला आलं तर मला ते आवडत नाही. नमाज इबादत आहे, कसरत नाही. तिला गुडघ्यांच्या औषधाच्या रांगेत बसवू नये.

जगभरच्या उलेमांचीही या बाबतीत एक ओळ नाही. मलेशियाच्या फतवा परिषदेने २००८ मध्ये योगाला मनाई केली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९ मध्ये मंत्र आणि विधी असलेला योग नाकारला, निव्वळ व्यायाम चालेल म्हटलं. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. इंडोनेशियाने जी रेघ ओढली ती मला व्यवहाराला सोपी वाटते. गौसांनी मंत्र बदलले, इंडोनेशियाच्या उलेमांनी मंत्र वगळायला सांगितले, पण श्वास आणि बैठकीला हरकत दोघांचीही नव्हती.

म्हणून फी भरण्याआधी एक दिवस नुसतं जाऊन बसा आणि बघा. सुरुवातीला काय म्हणतात? अय्यंगार पद्धतीच्या वर्गात पतंजलीची वंदना असते, काही ठिकाणी ओंकार, काही ठिकाणी काहीच नाही. गप्प बसलं तर चालेल का, हे शिक्षकाला सरळ विचारा. माझ्या मोठ्या बहिणीने, आपाने, दोन क्लास पाहिले होते. एका ठिकाणी हा प्रश्न विचारताच बाई म्हणाल्या, ‘सगळ्यांनी म्हणावंच लागतं,’ आणि वर बुरख्यावरून एक शेराही मारला. दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी मंत्राचं काहीच मनावर घेतलं नाही. त्यांनी आधी विचारलं, ‘बीपी आहे का? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का? डोळ्यांत काचबिंदू?’ आपाने दुसरा क्लास लावला हे सांगायला नको.

खरं तर हे तीन प्रश्न कुठल्याही धर्माच्या माणसाला विचारले गेले पाहिजेत. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्याला शीर्षासन करायला लावणारा शिक्षक धोकादायक, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत. दोनशे तासांच्या कोर्सचं प्रमाणपत्र हल्ली सर्रास दिसतं. दोनशे तास म्हणजे जेमतेम महिनाभराचा कोर्स असू शकतो. शिक्षक स्वतः किती वर्षं कुणाकडे शिकला ते विचारा. एका बॅचमध्ये तीस-चाळीस जण असतील तर तुमच्या गुडघ्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही. फक्त बायकांची बॅच आहे का, शिकवायला बाई आहेत का, खिडक्यांना पडदे आहेत का, हेही संकोच न करता विचारावं. सकाळी फजरनंतरची वेळ सगळ्यांत सोयीची, कारण आसनं रिकाम्या पोटीच करायची असतात. संध्याकाळची बॅच मगरिबच्या वेळेला येते आणि हिवाळ्यात रोज धावपळ होते. रमजानमध्ये काय करायचं हे आधीच बोलून ठेवा. समजूतदार शिक्षक त्या महिन्यात हलका वर्ग देतो किंवा फी पुढे ढकलतो.

क्लास चालत पाच-दहा मिनिटांवर असावा. रिक्षाने जावं लागणारा क्लास पहिल्या पावसात सुटतो.